शनिवारचं पाणी

गणपती पाटावर बसला तरी मोठ्या घरातलं एकही माणूस धड बसायला तयार नव्हतं. बलराम ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. त्याचा मुलगा जयदेव बापाकडे पाठ करून दुर्वांच्या जुड्या बांधत होता आणि इतक्या करकचून बांधत होता, जणू त्या सुटून पळणार होत्या. मधला भाऊ कृष्णदेव ज्याच्याजवळ उभा राहील त्याच्या बाजूने मान हलवत होता. आणि देवकी, धाकट्या गोवर्धनची विधवा, आरतीला आली होती ती घरी ट्रंक भरून ठेवूनच. उद्या विसर्जन झालं की मुलीला, शांतीला, घेऊन ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सुरिनाम गावी, भावाकडे कायमची निघणार होती.

चंद्रकला चुलीपुढून हे सगळं बघत होती. बलरामची बायको होऊन ती या घरात आली तेव्हा गोवर्धन शेंबडं पोर होता, तिच्याच हातचं खाऊन वाढला. कॅरोल सिक्लोनने, त्या चक्रीवादळाने, छपरं नेली आणि त्यापुढच्या हिवाळ्यात तापाने गोवर्धनला नेलं. तेव्हा जेवढं रडायचं तेवढं ती रडली होती. आता त्याची बायकोपोर पाण्यापायी घर सोडणार, हे तिला सहन होत नव्हतं.

हो, पाण्यापायीच. रिव्हिएर दू रांपार गावची नदी आठवडाभर साखरेच्या कोठीची, म्हणजे कारखान्याची. फक्त शनिवारी, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, तिचं पाणी या घराच्या कालव्यात वळायचं. हा कालवा बलरामच्या आजाने खणलेला. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, रत्नागिरीकडून आलेला माणूस, दिवसा कोठीचा ऊस तोडायचा आणि संध्याकाळी स्वतःसाठी कुदळ मारायचा. कालव्याच्या कडेने उतारावर तीन भावांचे तीन तुकडे होते: वर बलरामचा, मध्ये कृष्णदेवचा, तळाला गोवर्धनचा. आणि घराची रीत अशी की पहिलं पाणी थोरल्याचं. त्याचं भरलं की मधल्याचं, मग धाकट्याचं. पाऊस होता तोवर या रीतीने कुणाचं काही बिघडलं नाही. यंदा हिवाळा, जो या बेटावर आषाढ-श्रावणात येतो, कोरडा गेला, कालव्याची धार मनगटाएवढी झाली, आणि आषाढापासून देवकीच्या तुकड्यात थेंब पोचला नव्हता. तिची पोमदामूरची रोपं (या बेटावर टोमॅटोला टोमॅटो म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही) उभ्या उभ्या वाळली. कोठीचा सरदार, म्हणजे मुकादम, ऊस लावायला तिची जमीन खंडाने मागत होता. ती हो म्हणून बसली होती.

"देवके, हिकडं ये."

देवकी दारात येऊन उभी राहिली.

"आज पंगतीत काय बी झालं तरी उठू नगंस. माजी शपथ हाय."

"काय व्हनार हाय, जाऊबाय?"

"तू फकस्त बस. ट्रंकेला कुलूप लावलंयस?"

"न्हाय आजून."

"मंग लावू नगंस."

देवकी कोड्यात पडून परत गेली. चंद्रकलाने आज भात दोन भांड्यांत शिजवला होता. मोठं भांडं आणि मोदकांची एक परात तिने मागच्या पडवीत नेऊन केळीच्या पानांखाली झाकली, आणि लहान भांडं चुलीपाशी ठेवलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तिचा नवरा शहाणा होता, पण थोरलाही होता, आणि वर्षानुवर्षं सांगूनही थोरल्याला शब्द लागत नाही हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

*

कृष्णदेव वाईट माणूस नव्हता. त्याचा तुकडा मध्ये होता, एवढंच. मधल्याला वरच्याला दुखवून चालत नाही, आणि खालच्याचं भलं झालं तर ते आपल्यातून जातं की काय ही धास्ती सुटत नाही. त्यामुळे तो ओट्यावरच्या खांबाला टेकून बापलेकांचं भांडण ऐकत होता आणि कोण जिंकतंय याचा अंदाज घेत होता.

जयदेव पोर लुई शहरात पाणीखात्यात होता. रोज पहाटेच्या बसने जायचा, संध्याकाळी यायचा. त्याने दुर्वा खाली ठेवल्या.

"बाबा, मी येवडंच म्हनतो, कनाल गळतोय. वरनं निगालेलं निम्मं पानी खेकड्यांच्या बिळांत जातंय."

"माज्या आज्याचा कनाल गळका?" बलराम थांबला.

"आजा गेला. खेकडे न्हाय गेले."

कृष्णदेवला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

"आनि तुमी भर दुपारी वाफे तुडुंब भरता," जयदेव म्हणाला. "रोपाला पायजे तेवडं ते पितं, बाकीचं ऊन पितं. मलेरिया गेल्यापासून गावात मानसं किती वाडली बगा. नदी वाडली काय? चिन्याच्या दुकानात, बुटिकवर, इचारा. त्याचा भाऊ हाँगकाँगला ऱ्हातो. तितं चार दिसातनं एकदा नळ सोडतात. लाखो मानसं बादल्या घिऊन उबी. आनि चारी बाजूनं समुद्र, आपल्यासारकाच."

"हाँगकाँगला पाऊस न्हाय पडला, त्यात माजा काय गुना?"

"हितं बी न्हाय पडला. पन तितं हाय तेवडं वाटून देतात, म्हनून सगळ्यांच्या तोंडाला थोडं तरी लागतं. हितं कोन वाटतं?"

"मी वाटतो! थोरला हाय म्हनून मी वाटतो."

"तुमी वाटत न्हाय, बाबा. तुमी भरून घेता."

कृष्णदेवने ताबडतोब थोरल्याची बाजू धरली. "जयदेव, बापाशी बोलतोयस. जीभ सांबाळ."

"काका, तुमीच परवा मला म्हनालात की..."

"मी काय म्हनालो? मी कायबी म्हनालो न्हाय," कृष्णदेव घाईने म्हणाला.

"मंग काय करायचं म्हनतोस?" बलरामने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि ते जास्त वाईट लक्षण होतं.

"शेवटच्यापासनं सुरू करायचं. पानी आदी पार खाली काकीच्या तुकड्यात सोडायचं, मंग काकाच्या, मंग आपल्या. एकच शनिवार करून बगू."

"म्हंजे थोरला शेवटी! वा रे वा! उद्या आरतीला बी मला मागं उबा करशील. माज्या बानं मरताना फळी माज्या हातात दिली, कनालाच्या तोंडाची. ह्या हातात. ती काय उगाच?" बलरामने तो हात पुढे केला. "देवकीला जायचंय तर जाऊ दे. मी कुनाला हाकललं न्हाय."

कृष्णदेवने मनाशी हिशेब केला. वरून आलं काय, खालून आलं काय, मधला तो मधलाच. पण देवकीच्या जागी खाली कोठीचा सरदार आला तर? तो कालव्यात आपलाही हिस्सा सांगेल, आणि त्याच्याशी भांडायला उभं कोण राहील? बलराम तर नाही, त्याचा तुकडा वर. पहिल्यांदाच त्याला वाटलं की देवकी राहिली तर बरं. पण हे बोलून दाखवायला जी हिंमत लागते ती त्याच्याकडे नव्हती, आणि तेवढ्यात आतून हाक आली.

"पानं मांडलीत. चला."

*

या घरच्या गणपतीची एक रीत होती आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. पंगत बसायची, पण बलराम बसायचा नाही. तो वाढायचा. पोरंबाळं, बायका, आलागेला, सगळ्यांची पोटं भरली, कुणी नको नको म्हणून पानावर हात आडवे धरले, की मग शेवटी उरलंसुरलं घेऊन घरधनी एकटा जेवायला बसायचा. त्याचा बाप असाच जेवायचा, आजाही. एका वर्षी पाहुणे इतके आले की बलरामच्या वाट्याला नुसती खीर उरली. ती गोष्ट तो अजून छाती फुगवून सांगे.

म्हणून देवकी पंगतीच्या शेवटी बसली तेव्हा पहिल्या पानाशी पाट बघून तिला वाटलं, कुणी पाहुणा यायचा असेल.

"बसा," चंद्रकला नवऱ्याला म्हणाली. वाढणी तिच्या हातात होती.

"मी? मी मागनं बसतो की."

"आज मी वाढनार. तुमी बसा. पैलं पान तुमचं."

बलराम गोंधळला. गणपतीसमोर वाद नको म्हणून बसला, पण कसा, तर दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. चंद्रकलाने त्याच्या पानावर भात घातला. आणखी घातला. भाताचा डोंगर झाला तरी तिचा हात थांबेना. मोदक घातले ते एकावर एक चढले, आमटी पानावरून जमिनीवर ओघळली.

"आगं, बास! कोन खानार हाय येवडं?"

"न्हाय खाल्लं तर न्हाय. मान हाय तुमचा."

मग ती कृष्णदेवकडे गेली. त्याला बेताचं वाढलं, एक मोदक ठेवला. त्याच्या बायकोला त्याहून कमी. शांतीच्या पानावर चमचाभर भात पडला. आणि देवकीपुढे येऊन चंद्रकला वाकली तेव्हा वाढणी भांड्याच्या बुडावर खरखर वाजली. तो आवाज देवकीला नीट ठाऊक होता. दर शनिवारी संध्याकाळी फावडं घेऊन ती कालव्याच्या शेपटाशी बसायची, आणि तळातून पाण्याऐवजी फक्त वाळू वर यायची, तेव्हा फावडं असंच वाजायचं.

तिचं पान रिकामं राहिलं. सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, भरल्या घरात. तिला उठून पळून जावंसं वाटलं. पण शपथ घातलेली होती. ती पानाकडे बघत बसून राहिली.

"देवकीला वाड," बलराम म्हणाला.

"काय वाडू? सपलं."

"सपलं कसं? सनाचा दीस हाय! बायमानूस माज्या पंगतीत रिकाम्या पानावर बसनार?"

"तुमचं भरलं न्हवं? पैला मान थोरल्याचा," चंद्रकला शांतपणे म्हणाली. "त्याचं भरून उरलं तर मधल्याला. मंग बी उरलं तर खालच्याला. तुमी पान्याला लावता ती रीत मी आज भाताला लावली. काय चुकलं असंल तर सांगा."

जयदेव दाराशी आमटीचं भांडं घेऊन उभा होता, त्याने ते हळूच खाली ठेवलं.

बलरामच्या चेहऱ्यावर आधी राग आला. देवकीने तो ओळखला. गोवर्धनच्या चेहऱ्यावरही अस्साच यायचा, भुवयांपासून सुरू होऊन. पण राग तोंडापर्यंत पोचला नाही. बलरामने आपल्या पानाकडे पाहिलं. त्याने अजून अन्नाला हात लावला नव्हता. तो उठला, पानाच्या दोन्ही कडा धरून ते भरलेलं पान सावरत पंगतीच्या टोकापर्यंत घेऊन आला आणि देवकीपुढे ठेवलं. मोदक घरंगळले. एक शांतीने झेलला.

"जेव, बाय."

"आनि तुमी, भाऊजी?"

"मी घरधनी. मी मागनं जेवनार. आमच्यात घरधनी कदी आदी जेवला न्हाय, माजा बा न्हाय, माजा आजा..."

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. देवकीने त्या क्षणी त्याच्याकडे पाहिलं आणि गेल्या दोन महिन्यांचा तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला, कारण समोर फळीचा मालक नव्हता. एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, आणि त्याला लाज वाटत होती.

"भात मागनं खातो," बलराम हळू आवाजात म्हणाला, "आनि पानी आदी पितो. व्हय काय गं?"

"व्हय," चंद्रकला म्हणाली.

"मंग तोंडानं सांगायचंस न्हाय?"

"कितींदा सांगितलं. तुमी कूस बदलून झोपता."

कृष्णदेव पुन्हा खोकला, पण या वेळी हसू खोकल्यात मावलं नाही. आणि शांती, जी शनिवार-रविवार गावच्या मराठी मंडळाच्या भाषावर्गाला जायची आणि घाईत बेटाची क्रिओल भाषाच बोलायची, ती ओरडली, "आयो! मो फिन त्रूवे! मागच्या पडवीत आजून एक डेग हाय, भरलेला! मोठ्या आयनं पानांखाली लपवलाय, मी बगितला!"

मग काय विचारता. आधी जयदेव हसला, मग कृष्णदेवची बायको तोंडाला पदर लावून, मग सगळेच. देवकी हसता हसता रडायला लागली आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

"पंगतीत माजी लाज काडलीस," बलराम बायकोला म्हणाला.

"घरात काडली. घराभायेर जाऊ दिली न्हाय."

त्याने तिच्या हातातून वाढणी घेतली, पडवीतून दुसरं भांडं उचलून आणलं आणि नेहमीसारखं वाढायला सुरुवात केली, शेवटच्या पानापासून.

*

दुपारी गणपतीपुढे चंद्रकला आणि कृष्णदेवची बायको झाकरीची, कोकणातून आलेल्या नाचाची, गाणी म्हणत बसल्या आणि बाकीचे कालव्यावर गेले. मूर्ती घडवून उरलेली चिकणमाती टोपलीत होती. ती पुरली नाही, म्हणून नदीकाठाहून आणखी आणली. जयदेव बीळ दाखवायचा, देवकी आणि शांती त्यात दगड ठोकायच्या, बलराम वर माती थापायचा. पण सगळ्यांत जास्त बिळं बुजवली ती कृष्णदेवने. त्याच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख उजाडली होती: पाणी जेवढं लवकर खाली पोचेल तेवढी लवकर आपली पाळी. आजवर वरच्या गळतीशी त्याला कर्तव्य नव्हतं. आता थोरल्याच्या बांधावरचं एकेक भोक त्याला स्वतःच्या खिशातलं वाटू लागलं. तो गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून खेकड्यांना शिव्या घालत होता, त्याही मराठी, भोजपुरी आणि क्रिओल अशा तिन्ही भाषांतून.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दिवस उगवायच्या आत बलराम फळीपाशी येऊन उभा राहिला. कोठीच्या माणसाने नदीतलं दार खाली पाडलं. पाणी वळलं. नदीचं पाणी केवढं, मनगटाएवढं, पण सकाळच्या उन्हात चमकत आलं.

त्याच्या तुकड्याचं तोंड तिथेच होतं. त्याच्याही रोपांनी माना टाकल्या होत्या. आठ दिवस तीही तहानलेली. आजवर प्रत्येक शनिवारी त्याने याच जागी पाण्याला आत घेतलं होतं, आणि ते पहिल्या वाफ्यात शिरताना मातीचा जो वास यायचा त्याच्यासाठी तो आठवडाभर थांबायचा. आता पाणी त्याच्या पायांपुढून निघून चाललं होतं. तोंडावरची फळी त्याने दोन्ही हातांनी खाली दाबून धरली, जणू ती आपोआप उघडेल. खरं सांगायचं तर त्याला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता.

आणि दुसरी भीती याहून मोठी होती. पोचलंच नाही तर? आपण सोडूनही पाणी वाटेतच मुरलं, तर देवकी ट्रंक उचलणार, आणि मग चूक रीतीची नव्हतीच, उगाच आपली रोपंही तहानलेली राहिली, असं म्हणायला तो मोकळा होईल. असं म्हणायची त्याला मुळीच इच्छा नव्हती. तो तसाच उभा राहिला. ऊन चढलं.

मग खालून शांतीची आरोळी आली.

"दिलो! दिलो आलं! मोठे बाबा, पानी आलं!"

मधल्या बांधावरून कृष्णदेवने ती उचलली आणि वर फेकली, "दादा, पोचलं! शेवटाला पोचलं!"

बलराम मटकन बांधावर बसला. त्याने कालव्यात हात बुडवला आणि ओला हात तोंडावरून फिरवला, म्हणजे डोळ्यांचं काही विचारायला नको.

नदीच्या ज्या डोहात दर वर्षी विसर्जन व्हायचं तो यंदा कोरडाठाक होता, आणि गणपती कुठे बुडवायचा हा सगळ्यांपुढचा प्रश्न होता. आता तो आपोआप सुटला. देवकीने काल संध्याकाळी आपल्या तुकड्याच्या टोकाशी खड्डा खणला होता, कालव्याचं जास्तीचं पाणी साठवायला. जयदेवनेच तिला तसं सांगितलं होतं. तिचे वाफे भिजून उरलेलं पाणी त्यात कमरेएवढं जमलं. दुपार कलताना टाळ वाजवत सगळे कालव्याच्या काठाकाठाने खाली उतरले. जयदेवच्या डोक्यावर पाट होता. देवाची माती विरघळली आणि खड्ड्याच्या तळाशी बसली. कोठीच्या सरदाराला शांतीने पाणी पोचताच निरोप दिला होता: आई म्हणते, जमीन द्यायची नाही.

तोवर कृष्णदेवचंही भरलं आणि त्याने आपली फळी पाडली, तशी धार पुन्हा तळाकडे निघाली. ऊन उतरणीला लागलं होतं, आणि कालव्याला अजून धार होती. सकाळी होती तेवढीच. बलराम परत वर चढून आपल्या फळीपाशी येऊन उभा राहिला होता. त्याचे वाफे कोरडे होते, पण आता त्याला घाई नव्हती. संध्याकाळचं पाणी ऊन पीत नाही, हे जयदेवचं म्हणणं खरं की खोटं ते थोड्या वेळात कळणारच होतं.

तळाला देवकीने आपल्या हाताने आपल्या तुकड्याची फळी पाडली. पाणी अडलं, फुगलं आणि मागे सरायला लागलं. तिने पदराने हात पुसले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून वर पाहिलं, आणि पंगत उठल्यावर बायका घरधन्याला जशी हाक मारतात तशी मोठ्याने हाक मारली:

"भाऊजी! आमची समद्यांची पोटं भरली! आता तुमी बसा!"

बलरामने फळी वर उचलली.